जगन्नाथरावांचा पलंग

सोफा एका मलबारी दुकानदाराने नेला, फ्रिज शेजारच्या फिलिपिनो मुलींनी. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आता फक्त पलंग उरला होता. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, बटण दाबलं की डोक्याकडून वर उचलला जाणारा, हॉस्पिटलात असतो तसला. पक्षाघात झाल्यावर मीनाक्षीताईंच्या यजमानांनी, जगन्नाथरावांनी, त्यावर दोन वर्षं काढली होती. शेवटचे चार दिवस तेवढे इस्पितळात. जेबेल अलीच्या स्मशानात त्यांना निरोप देऊन आज बेचाळीस दिवस झाले होते. उद्या घराच्या किल्ल्या द्यायच्या आणि परवाच्या विमानाने सांगलीला भावाकडे जायचं, असं ठरलं होतं.

"आई, जस्ट लीव्ह इट देअर," कॅनडातून देवांश म्हणाला होता. "नॉट युअर प्रॉब्लेम."

पण घर रिकामं करून द्यायचं होतं आणि एवढा पलंग कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवला तर दंड होता. मोठ्या सामानासाठी मुन्शीपाल्टीची गाडी येते, फोन करून वेळ घ्यावी लागते, सामान मात्र आपणच खाली आणून ठेवायचं, हे सगळं नातूर यूनुसने त्यांना समजावून सांगितलं. वॉचमनला इकडे नातूर म्हणतात; गेली नऊ वर्षं या इमारतीचा तोच होता. सकाळी आठ ते बारामधली वेळ मिळाली.

सात वाजताच यूनुस पाना घेऊन आला. लिफ्टमध्ये मावावा म्हणून त्याने पलंग सुटा केला, कठडे लिफ्टशेजारी भिंतीला टेकवले. मग तो गादी घेऊन खाली गेला, मागोमाग मीनाक्षीताई.

"मॅडम, इसको काट दो," गादी जमिनीवर टाकत यूनुस म्हणाला. "नहीं तो गाडी आनेसे पहले कोई उठा के ले जाएगा. फिर उसपे सोएगा बेचारा."

मीनाक्षीताईंनी गादीकडे पाहिलं. एका अंगाला खोलगट झालेली. मधोमध तो डाग. तीन वेळा धुऊनही न गेलेला. त्या वर जाऊन भाजीची सुरी घेऊन आल्या. पहिला वार आत शिरेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि डोक्यापासून पायापर्यंत गादी उभी फाडली. आतला पिवळा स्पंज बाहेर आला. यूनुस दुसरीकडे बघत उभा राहिला.

वर परत आल्या तर लिफ्टपाशी अफशा उभी होती. दुसऱ्या मजल्यावरची, दाभोळची मुलगी. नवरा झुबेर अबू धाबीजवळ मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये, तिकडेच राहायचा आणि सुटीला घरी यायचा. सासू मैमुनाबी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन महिने अंथरुणाला खिळलेली. अफशा कठड्यावरून हात फिरवत होती.

"काकी, हा फेकताय?"

"गाडी येतेय न्यायला."

"आम्हाला द्याल? अम्मीला उठवून बसवताना माझी कंबर जाते हो."

मीनाक्षीताईंना 'ने' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं वेगळंच. "पलंगाने काही होत नाही अफशा. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्रीसुद्धा."

"डॉक्टर बोलला तसं. मी अलार्म लावते."

"मीपण लावायचे." त्या पायरीवर बसल्या. "दोन वर्षं लावला. मग एकदा वाटलं, आता नाही होत. तीन रात्री बंद करून सरळ झोपले. काही आजारी नव्हते मी. झोप हवी होती. चौथ्या दिवशी पाहिलं तर माकडहाडाशी कातडी काळी पडलेली. पुढे ती जखम चिघळली आणि विष रक्तात गेलं."

अफशाने विचारलं, "हे देवांशला ठाऊक आहे?"

"नाही. त्याला न्यूमोनिया सांगितलाय."

अफशा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"काकी, मी पण परवापासून अलार्म लावला नाही."

मीनाक्षीताई उठल्या. "चल."

मैमुनाबी खिडकीजवळ उताणी झोपली होती. मीनाक्षीताईंना पाहून क्षीण हसली, "या बाय," म्हणाली. मीनाक्षीताईंनी अफशाला चादर कशी धरायची ते दाखवलं, "जोर हाताने नाही, गुडघ्याने लाव," म्हणाल्या आणि दोघींनी मिळून म्हातारीला कुशीवर वळवलं. मॅक्सी वर केली. कमरेखाली रुपयाएवढा डाग होता. कडा लाल, मध्ये जांभळट. मीनाक्षीताईंनी नाक जवळ नेलं. तो वास त्यांना चांगला ओळखीचा होता.

"झुबेरला फोन कर. आजच इस्पितळात न्यायचं. इन्शाल्ला-बिन्शाल्ला नको, आत्ता."

"कामावर असेल तो..."

"तर मी करते. नंबर दे."

झुबेर आधी गडबडला, मग म्हणाला, "यल्ला, निघतो काकी." पण मुसफ्फाहून यायला दीड तास. त्याची वाट न बघता मीनाक्षीताईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मैमुनाबी अफशाचा हात सोडायला तयार नव्हती. "मला खाय नेतंस? मी घरीच मरेन," असं म्हणत राहिली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावेना, तेव्हा तिला पट्ट्यांनी बांधून बसतं करून न्यावं लागलं. तेव्हा ती ओरडली. ते ओरडणं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

या धांदलीत मुन्शीपाल्टीची गाडी येऊन फाडलेली गादी घेऊन गेली. पलंगाचे भाग वरच राहिले होते. संध्याकाळी यूनुसने ते दुसऱ्या मजल्यावर अफशाच्या हॉलमध्ये नेऊन जोडले, आणि मीनाक्षीताईंनी हवेची गादी कुठे मिळते ते कागदावर लिहून त्यावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी विमानतळाकडे जाताना टॅक्सीतून त्यांनी अफशाला फोन केला. जखम कापून साफ केली होती. ताप उतरत नव्हता. डॉक्टर काही सांगत नव्हते.

"शुद्धीत आहेत?"

"मधून मधून. काकी, मी अम्मीला सांगितलं, अलार्म मीच बंद केला होता. ऐकलं की नाही कळलं नाही."

टॅक्सीवाल्याने टर्मिनल विचारलं, ते मीनाक्षीताईंनी सांगितलं. मग देवांशचा नंबर काढला. कॅनडात आता पहाट असेल. तरी त्यांनी लावला.