आठ मिनिटांतले आप्पा

रोज एक चित्र पाठवायची माझी सवय लोकांना फार गोड वाटते. मला तिची शिसारी आली आहे.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, तासतो, चकचकीत करतो. चौघेजण, एक खिडकी आणि दिवसभर जळक्या मेणाचा वास. प्रत्येक साच्याबरोबर तळहाताएवढी चिठ्ठी येते, काम झालं की ती फेकायची. दुपारी डबा संपवून सुट्टीची आठ मिनिटं उरतात. तेवढ्यात मी चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढतो, फोटो घेतो आणि अकरा जणांना पाठवतो. एकेकाला वेगळं, ग्रुपवर नाही. ग्रुपवरचं चित्र म्हणजे जिन्यातला कचऱ्याचा डबा, येता-जाता सगळे बघतात आणि हात कोणी लावत नाही.

अकरातले नऊजण अंगठा पाठवतात. मामी चित्र उघडायच्या आधीच ‘वा, कलाकार’ लिहून मोकळी होते. एकदा प्लंबरला पाठवायचा गळक्या नळाचा फोटो चुकून तिला गेला, त्यालाही ‘वा, कलाकार’ आलं. असल्या कौतुकाचा मला मनापासून वीट आलाय.

खटाटोप सगळा ताईसाठी होता. ती लांबच्या शहरात, आमचे वडील, आप्पा, माझ्याकडे. फोनवर बोलायला लागलो की पाचव्या मिनिटाला भांडण ठरलेलं. तिकडे बसून ती उंटावरून शेळ्या हाकायची: त्यांना फिरायला ने, फळं दे, खोलीची खिडकी उघडी ठेव. मी म्हणायचो, ये आणि उघड. ती म्हणायची, तू करतोस म्हणजे उपकार करतोस का? अशाने एक दिवस बोलणंच बंद पडलं असतं. चित्राशी भांडता येत नाही, म्हणून चित्र. चहाचा कप, माझी पक्कड, शेजारच्या टेबलावरच्या पोराचं जांभई देणारं तोंड. ती दोन ओळी तरी लिहायची. आमच्या नात्यात तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं.

मग एकदा मी आप्पांना काढलं, खिडकीशी खुर्चीत बसलेले. ताईने फोन केला आणि पहिल्यांदा भांडली नाही, नुसती रडली. त्यानंतर दुसरं काही काढलंच नाही.

आप्पांची कवळी माझ्या हातची आहे. तितकं चांगलं काम मी पुन्हा केलं नाही. पण गेल्या वर्षी त्यांचं वजन उतरलं, हिरड्या झिजल्या आणि कवळी बसेना. बोलताना खाली पडायची. शेवटी त्यांनी ती वाटीत काढून ठेवली ती ठेवलीच. तोंडाचं बोळकं झालं. गाल आत, ओठ आत, हनुवटी नाकाला टेकायला आलेली. दुधात भिजवलेला पाव भरवताना कोपऱ्यातून ओघळ यायचा. दिवसभर परक्यांच्या तोंडांचे साचे हाताळणारा मी, जन्मदात्या बापाचं तोंड पुसताना मान फिरवत होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला? डॉक्टर म्हणाले, “आता नवीन साचा वगैरे नको. त्यांना ते सोसणार नाही. थोडे महिने आहेत, सुखाने जाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आप्पांना काढायला बसलो आणि हाताने चित्रातल्या तोंडात दात बसवले. सवयच ती. साचा समोर आला की दात बसवायचे. गाल भरले, ओठ बाहेर आले, आप्पा पुन्हा आप्पांसारखे दिसायला लागले. ती चिठ्ठी फाडायला हवी होती. मी फोटो घेतला.

ताईचं उत्तर आलं, “चेहरा भरलाय की! माझा जीव भांड्यात पडला. परवाचं तिकीट काढलं होतं, ते रद्द करते. सुट्टीतच येते, सावकाश.”

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, “ठमी कधी येतेय?” ठमी म्हणजे ताई. तिला ठमी म्हणणारं जगात आता ते एकटेच उरले होते.

“येईल, सुट्टीत.”

“तोवर मी असेन का?”

मी पाण्याचा ग्लास भरायला उठलो.

एकदा मी तिला फोनवर सांगून पाहिलं. “ताई, आप्पा फार थकलेत.”

“चित्रात तर चांगले दिसतात. तुला सुटका हवीय म्हणून मला घाबरवतोस.”

चित्र खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मला तिच्या त्या दोन ओळींची चटक लागली होती, आणि चिठ्ठीवरच्या त्या तोंडाचीही. मी म्हणालो, “बरं, नको येऊस.” असे सदतीस आप्पा पाठवले. सदतीसच्या सदतीस धडधाकट. घरातले आप्पा मात्र रोज संध्याकाळी तेच विचारत होते, आणि दिवसेंदिवस त्यांचा आवाज बसत चालला होता.

शेवटी सकाळी येणाऱ्या नर्सबाईंनीच माझ्या फोनवरून ताईला परस्पर कळवलं. ताई तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. बॅग हातात तशीच ठेवून ती थेट आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो.

आप्पा उशीला टेकून बसले होते. तिला बघून त्यांचं तोंड उघडलं. हसत होते ते. ताई उंबऱ्यात थबकली. तिने पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “आप्पा कुठायत?”

खोटं कशाला सांगू, तिच्या तोंडावर किळस होती. मी ती ओळखली, कारण रोज भरवताना माझ्या तोंडावरही तीच असायची. क्षणभरातच तिला उमगलं. बॅग टाकून ती धावली, त्यांच्या गळ्यात पडली, “आप्पा, मी आलेय” म्हणाली. पण आप्पांनी तोवर तळहात तोंडावर ठेवला होता.

ती हात धुवायला गेली तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. हात जरासा बाजूला करून म्हणाले, “दात दे.”

मी वाटीतून कवळी काढली, धुतली, बसवली. खालची लगेच सुटली. पुन्हा बसवली, अंगठ्याने दाबून धरली. माझ्या मनगटावरून लाळ वाहत होती आणि आप्पा डोळे घट्ट मिटून वेदना सोसत होते. तेवढ्यात ताई पंचा घेऊन आली.

“काय करतोयस? काढ ते. त्यांना दुखतंय.”

मी काढली. आप्पांनी ओठ मिटले.

ताई चार दिवस राहिली. त्यांच्या उशाशी बसली, पाय चेपले, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. आप्पा ऐकायचे, डोळ्यांनी हसायचे. पण तिच्यासमोर त्यांनी तोंड उघडलं नाही. बोलायला नाही, जेवायला नाही. ती खोलीबाहेर गेली की घाईघाईने चार घास माझ्याकडून खायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “आप्पा, एकदा ठमी म्हणा ना.” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

स्वयंपाकघरात मी वाट बघत होतो, कधी एकदाची माझ्या थोबाडीत मारेल. चिठ्ठ्यांचा विषयच तिने काढला नाही. जाताना एवढंच म्हणाली, “तुझा काय दोष?” त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

दुपारी मी कामावर होतो. गाडीतून तिचा निरोप आला.

“डोळ्यांपुढून ते तोंड जात नाहीये. आज चित्र पाठव. पहिल्यासारखं, दात असलेलं.”

मी पाठवलं.