फुलाबाईची न जळणारी वात

दिसायला मळक्या कापसाचा बोळा, म्हणून मला हसू नका. मी प्लॅटिनम चढवलेला ॲस्बेस्टॉस बोलतोय. खडकातून निघणारे न जळणारे धागे हे माझं अंग, आणि त्यांना चिकटलेली प्लॅटिनमची बारीक पूड हा माझा जीव.

पुण्याच्या एका कॉलेजात प्लॅटिनमच्या द्रावणात भिजवून, तापवून मला घडवलं. १९३६ साली भोरच्या हायस्कुलातले केशवराव मास्तर मला बाटलीत घालून निघाले. वाटेत कापूरहोळला मोटार बंद पडली. सगळ्यांनी उतरून ढकलली. मास्तर मात्र मला छातीशी धरून बाजूला उभे!

माझं काम गमतीचं. हायड्रोजनची नळी माझ्यावर धरली, की मी तापून लाल होतो आणि काडी न ओढता वायू पेट घेतो. मुलं दचकून बाकावर चढत. मी होतो तेवढाच राही.

एकदा मास्तरांनी मला धुऊन प्रयोगशाळेच्या खिडकीत बशीत वाळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बशी रिकामी!

खोलीची किल्ली शिपाई कुंडलिककडे. "प्लॅटिनम सोन्यापेक्षा महाग, हे तुला कळलं वाटतं?" मास्तर भर वर्गात कडाडले.

"सर, वीस वर्सं हितं झाडतोय. खडूचा तुकडा न्हेला न्हाई म्या." कुंडलिकनं सांगून पाहिलं. तरी त्याला घरी बसवण्यात आलं.

आणि मी? त्याच्याच घरी, देवापुढच्या दिव्यात! आदल्या दिवशी त्याची बायको फुलाबाई झाडायला मदतीला आली होती. कापूस समजून तिनं मला उचललं, वळलं, तेलात बुडवलं. तेल संपे, पण वात संपेना. देव पावला म्हणून सगळी आळी मला बघून गेली.

काय हरवलं ते नवरा घरी सांगेना. शेवटी "राखाडी कापूस हरवलाय," असं त्यानं सांगताच फुलाबाईचं तोंड उतरलं. मला पदरात बांधून, नवऱ्याला घेऊन ती थेट वर्गात शिरली.

"मास्तर, चूक माजी. कापूसच वाटला वो मला! ह्यांस्नी कामावर घ्या."

काजळीनं मी काळाठिक्कर झालो होतो. मास्तरांनी मला ज्योतीत लालबुंद केलं, तेल-काजळी जाळली आणि हायड्रोजन सोडला. फट्! पेटला की!

पोरं ओरडली. मास्तर हसले नाहीत. त्याच वर्गासमोर त्यांनी कुंडलिकपुढे हात जोडले. "चुकलो मी."

"ऱ्हाऊ द्या, सर," म्हणत कुंडलिकनं झाडू उचलला.

आता मी कपाटात सुखात आहे. तुम्हाला एवढीच विनंती, वस्तू हरवली तर आधी नीट शोधा, माणसाला मग विचारा. कारण कुंडलिक अजूनही रोज संध्याकाळी माझी बाटली मास्तरांसमोर धरतो. "बगून घ्या, सर. हाय न्हवं?"

मास्तर मान खाली घालतात.