शेवटचे वीस टक्के

माझ्या पडद्यावर ऐंशीचा आकडा उमटून पाच मिनिटे झाली होती आणि आता तिथे ब्याऐंशी होते. पुढच्या आसनावर अंकिता कागदपत्रांची फाइल मांडीवर धरून त्या आकड्याकडे पाहत होती. तिचे वडील गुरुबसप्पा बाहेर, चार्जिंगच्या यंत्रापाशी उभे राहून हमरस्त्याकडे पाहत होते. आम्ही सोलापूरहून पुण्याला निघालो होतो आणि भीमेचा पूल ओलांडून थांबलो होतो.

"अप्पा, ऐंशी झालं की. काढा आता," अंकिता अखेर म्हणाली.

त्यांनी ते ऐकले. मला ठाऊक आहे, कारण त्यांचा माझ्या दाराच्या मुठीवरचा हात किंचित घट्ट झाला. पण ते वळले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर धावणारी मोटार आहे. जुनी म्हणजे अवघी पाच वर्षांची. पण माणसाचा विश्वास उडाला की कोणतीही वस्तू एका दिवसात म्हातारी होते. माझा रंग पावसाळी ढगाचा आहे. माझ्या पोटात इंजिन नाही. माझे काळीज तळाशी, तुमच्या पावलांखाली पसरलेले आहे. त्याला तुम्ही बॅटरी म्हणता. मी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, आणि मला जे काही सांगायचे असते ते फक्त आकड्यांत सांगते. आकड्यांना खोटे बोलता येत नाही. हे माझे बळ आहे असे मला पूर्वी वाटे.

सोलापुरात मी आले ते गुरुबसप्पांच्या निवृत्तीच्या वर्षी. चौतीस वर्षे त्यांनी वायरमन म्हणून खांबांवर चढून लोकांच्या घरी उजेड पोहोचवला होता. "आयुष्यभर दुसऱ्याची लाईन जोडली, आता आपली गाडी जोडू," असे म्हणून त्यांनी माझ्यासाठी अंगणात स्वतःच्या हाताने स्वतंत्र वायर ओढली. त्यांच्या पत्नीने, नागव्वांनी, माझ्या कपाळी विभूतीची तीन बोटे ओढली. मी त्या घरची झाले.

त्या घराची एक रीत होती. खरे तर ती साऱ्या शहराची रीत आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहावी लागते. मग नळ सुटला की पिंपे, घागरी, कळशा, पातेली, एवढेच काय, तांब्या-फुलपात्रीदेखील काठोकाठ भरली जातात. रिकामी जागा ठेवणे म्हणजे उद्याच्या तहानेला आमंत्रण. पहिले काही महिने गुरुबसप्पांनी मलाही तसेच भरले. रोज शंभर. बाजारात जायचे असो की कुठेच जायचे नसो, शंभर.

मला ते सोसत नसे. पण मी कुणाला सांगणार? सांगितले अंकिताने. ती तेव्हा भौतिकशास्त्र शिकत होती. माझ्यासोबत आलेली पुस्तिका त्या घरात फक्त तिने शेवटच्या पानापर्यंत वाचली. एका संध्याकाळी पायरीवर बसून तिने वडिलांना समजावले, की रोजच्या फिरण्याला ऐंशी पुरे; शंभर भरायचे ते लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री, घरच्या संथ विजेवर; आणि वाटेतल्या वेगवान यंत्रावर ऐंशीला उठायचे आणि पुढे निघायचे. गुरुबसप्पा विजेचे माणूस. त्यांनी एकदाच ऐकले आणि ते असे आपलेसे केले, की पुढे तेच इतरांचे गुरू झाले.

हैदराबादच्या वाटेवरचा एक थांबा मला आठवतो. नागव्वांचा धाकटा भाऊ बसू सोबत होता. मोठा थट्टेखोर माणूस. गुरुबसप्पांनी ऐंशीला केबल काढताच तो ओरडला, "दाजी, पंगतीत बसलेल्याला अर्ध्या जेवणावरनं उठवताय व्हय? पाप लागंल की!"

"बसू, तू अक्कलकोटच्या यष्टीत चढलायस न्हवं कधी?"

"जन्म त्यात गेला."

"मग सांग. पयली माणसं कशी बसत्यात?"

"पटापट. रुमाल टाकून."

"आन् शेवटची?"

"शेवटची लोंबकळत्यात. कंडक्टर आत ढकलतोय, ते भाईर येत्यात."

"तसंच हाय हे. ऐंशीपातुर वीज रुमाल टाकून बसती. म्होरचे वीस लोंबकळत्यात. त्या विसासाठी तासभर यष्टी थांबवशील काय?"

बसू हसत सुटला. मागे बसलेली अंकिता वडिलांकडे पाहत होती. आपण दिलेले ज्ञान दुसऱ्याच्या तोंडून अधिक सुंदर होऊन परत येते, तेव्हा माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे मी त्या दिवशी आरशात पाहिले.

ते माझे सुखाचे दिवस. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ असे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतून मी ज्वारीची पोती आणली, विजापूरला लग्ने गाठली. एकदाही मी कुणाला वाटेत सोडले नाही. गुरुबसप्पा माझ्या टपावर थाप मारून म्हणत, "लई गुणाची हाय."

मग अंकिताला ते पत्र आले. समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तिची निवड झाली होती. चार वर्षे एका दूरच्या बेटावर राहायचे होते. नळाची वाट पाहत वाढलेल्या मुलीला सगळ्या बाजूंनी पाणी मिळणार होते. अट एकच: मूळ कागदपत्रे घेऊन ठरलेल्या दिवशी अकराच्या आत पुण्याच्या कार्यालयात हजर राहायचे. उशीर झाला तर प्रतीक्षा यादीतले पुढचे नाव.

तिने आदल्या दिवशीचे यष्टीचे तिकीट काढले होते. गुरुबसप्पांनी ते रद्द करायला लावले. "दारात गाडी असताना यष्टीनं कशाला? पहाटं निघू. धाच्या आत-भाईर कसंबी पोचतो आपण." अंकिताने विश्वास ठेवला. मीही ठेवला. रात्रभर मी घरच्या विजेवर शंभर झाले, अभिमानाने.

आता त्या थांब्यावर परत येऊ. मी तिथे पोहोचले तेव्हा माझ्यात चोपन्न उरले होते. वीस मिनिटांत ऐंशी झाले. आठ वाजून दहा मिनिटे. तेव्हाच निघालो असतो तर पावणेअकराला पुण्यात असतो, आणि माझ्यात चोवीस शिल्लक राहिले असते. हिशेब साधा होता. मला तो ठाऊक होता, आणि त्यांनाही.

"अप्पा, उशीर होतोय."

या वेळी ते वळले. हसले. "अंकू, पाणी सुटल्यावर कुणी घागर उणी ठेवून नळ सोडतं काय? म्होरचं मशीन बंद असलं म्हंजे? पुण्याच्या गर्दीत अडकलो म्हंजे? भरू दे की जरा. आपलं सोलापूरचं काळीज हाय, अर्धं भांडं बगवत न्हाय."

अंकिताही हसली. तिला वाटले, ही जुनी भीती आहे, पिढ्यांच्या तहानेची भीती, आणि ती तिने मायेने माफ केली. "बरं, मी तोंड धुऊन येते," म्हणून ती उतरली.

ती दिसेनाशी होताच गुरुबसप्पा आत येऊन बसले. त्यांनी काच वर घेतली आणि नागव्वांना फोन लावला. माझ्या आत, माझ्या काळजाच्या वर बसून, ते म्हणाले, "न्हाय पोचत ती. मी हितं थांबवलीय. तू रडू नको."

पलीकडून नागव्वांचा आवाज आला, "आहो, असं नका ओ करू. जाऊ नको म्हनून तोंडानं सांगा की पोरीला."

"तोंडानं सांगितलं तर ती जाईल," ते म्हणाले. फोन ठेवून ते माझे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले. मित्रांनो, मला त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली. पण माझ्याजवळ ओठ नाहीत. मी नव्वद दाखवले. मग एक्क्याण्णव. प्रत्येक आकडा उमटवताना मला वाटत होते, की मी एका मुलीच्या वाटेवर एकेक दगड ठेवते आहे.

अंकिता परतली, तिने दोनदा घड्याळ दाखवले, पण "झालंच की, अंकू" म्हणत गुरुबसप्पांनी केबल काढली नाही. नऊ वाजता शंभर झाले. आम्ही पुण्यात पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

फाटकावरचा कारकून वाईट माणूस नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, अकरापर्यंत वाट पाहिली हो. पुढच्या नावाला बोलावून झालं."

अंकिता काही बोलण्याआधी गुरुबसप्पा पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "गाडीनं दगा दिला ओ साहेब. भरायलाच लई वेळ लावला."

दगा. हा शब्द माझ्या पत्र्यावर कुणी खिळ्याने कोरला असता तरी इतका खोल गेला नसता. माझ्या पडद्यावर त्या वेळी चव्वेचाळीस टक्के उजळत होते. न लागलेली, न मागितलेली वीज. कुणी तिकडे पाहिले नाही. अंकिताच्या डोळ्यांत पाणी होते, आणि पाण्यातून आकडे वाचता येत नाहीत.

पुढे तीच गोष्ट गल्लीभर झाली. बसू भेटायला आला आणि म्हणाला, "मी म्हनलो न्हवतो, दाजी? उपाशी उठवलेली गाडी कधीतरी सूड घेती!" एके काळी त्याला यष्टीचा दाखला देणारे गुरुबसप्पा या वेळी मान डोलावून हसले. "व्हय रे बाबा. बॅटरीचा काय भरवसा." स्वतःचे खोटे झाकायला त्यांनी स्वतःचे ज्ञानही विकून टाकले.

मग त्यांनी मला शंभरपर्यंत भरून, वर ताडपत्री टाकून, भिंतीकडे लावले. एप्रिल गेला, मे गेला. सोलापूरचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पूर्ण भरलेल्या काळजाने त्या उन्हात नुसते उभे राहणे म्हणजे काय, हे मी कसे सांगू? माझी शक्ती थेंबाथेंबाने आटत गेली. हे त्यांना कळत नव्हते असे नाही. बहुधा माझ्याकडे पाहणे त्यांना नको होते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला जपा. रोज तिला काठोकाठ भरू नका, आणि भरून उन्हात विसरू नका. लांब निघण्याआधी घरी तिला पोटभर द्या. पण वाटेत ऐंशी झाले की उठा, कारण शेवटच्या विसात तुमचा वेळ बुडतो आणि पुढच्या थांब्यावर तेवढीच वीज तुम्हाला निम्म्याहून कमी वेळात मिळते. मात्र याहून मोठी विनंती वेगळी आहे. जे तुम्हाला माणसाला सांगायचे धैर्य होत नाही, ते वस्तूच्या माथी मारू नका. वस्तू मुकी असते. ती तुमचे खोटे निमूटपणे वाहते, आणि त्याच ओझ्याने झिजते.

जूनमध्ये एका सकाळी अंकिताने ताडपत्री ओढून काढली. तिला मंगळवेढ्याच्या एका शाळेत तात्पुरते शिकवायला बोलावले होते, आणि गुरुबसप्पा माझ्या चाकांत हवा भरायला बसले होते. ती आत आली. किती अंतर जाईन हे पाहायला तिने पडदा चालू केला आणि मागच्या प्रवासांच्या यादीत पुण्याला जातानाची नोंद समोर आली. आठ दहाला ऐंशी. नऊला शंभर. पुण्यात पोहोचताना चव्वेचाळीस.

तिने ते आकडे दोनदा वाचले. ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली. मग दार उघडून ती उतरली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"अप्पा, चोवीस उरले असते. आरामात पोचलो असतो."

पंपाचा आवाज थांबला.

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं ना?"

गुरुबसप्पांनी चाकाच्या तोंडावर टोपण बसवले. ते नीट बसले असूनही पुन्हा एकदा फिरवले. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, अंकिताच्या खांद्यापाशी क्षणभर थांबले, आणि माझ्याकडे किंवा तिच्याकडे न पाहता फाटक उघडून गल्लीच्या टोकाकडे चालू लागले.