गाळलेलं रीळ

वाशीमच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता आणि मशीनवर होता रहीम. खून, हिरे आणि इन्स्पेक्टर असा तो सिनेमा. आठवडाभर त्यानं तो रोज चालवला, पण मनावर म्हणून कधी घेतला नाही. हलवाई आपली जिलबी खात नाही, त्यातलाच प्रकार.

सुंदरबाईला खेळाचं आवतण त्यानंच दिलं. ती तांड्यावरची बंजारा बाई, टॉकीजच्या चुलीला रोज सरपणाची मोळी आणायची. रहीम तापानं फणफणला तेव्हा मालकानं गोळी दिली आणि हिनं समोर बसवून अंबील पाजली. आई गेल्यापासून त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. सुंदरबाईवर त्याचा फार जीव होता.

"मावशी, आज खेळाले ये. मालकाले इचारलं मी."

"मले काय समजते बापा त्यातलं?" म्हणत ती लाजली, आणि येते म्हणाली.

ती गेली आणि रहीमला एकदम आठवलं. सिनेमात तिच्यासारखीच एक बाई होती. तीच आरसे जडवलेली काचळी चोळी, त्याच दंडापर्यंत बांगड्या. तिसऱ्या रिळात ती मणी विकायला हवेलीत शिरायची, चौथ्यात शेठाणीचा हार चोरताना सापडायची. इन्स्पेक्टरनं तिच्या थोबाडीत दिली की सारा तंबू टाळ्या पिटायचा. त्या टाळ्यांच्या मधोमध आज सुंदरबाई बसणार, त्याच पोशाखात. घरी बोलावून माणसाचा पाणउतारा करायचा, हे त्याला सोसवेना.

रीळ गाळावं तर मालक तापट, आणि रहीमचं पोट हातावरचं. संध्याकाळी सुंदरबाई बायकांच्या बाजूला अगदी पुढं येऊन बसली, ठेवणीतला घागरा घालून. ते पाहिलं आणि रहीमनं तिसऱ्यानंतर सरळ पाचवं रीळ चढवलं.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. इन्स्पेक्टरच्या हातात हार आला कुठून, ते कोणाला कळेना. मालक मशीनपाशी येऊन नाही नाही ते बोलला. पुन्हा असं केलंस तर गाशा गुंडाळ, म्हणाला. रहीमनं मान खाली घालून ऐकून घेतलं, पण मनातून तो खूश होता.

सकाळी सुंदरबाई मोळी घेऊन आली. "आमच्यातली बाई दिसली रे पडद्यावर. मंग मी लय वाट पाह्यली तिची. कुठी गेली थे?"

कोणी तिची वाट पाहील, हे रहीमच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तांड्यावर गेली आपल्या," तो म्हणाला.

"बरं झालं. त्या हवेलीत तिचं कोनीच नव्हतं." ती मोळी सोडत बसली. मग हळूच म्हणाली, "अन् थो सुरमा लावेल टोपीवाला? चाकू घेऊन गुंडाच्या टोळीत फिरते थो. साऱ्या सिनेमात तुमच्यातला थो एकटाच. तुले रोज पाहा लागते नं त्याले?"

"मी मशीन पाह्यतो, मावशी," रहीम म्हणाला आणि हसायला गेला.

"तरी बी. तुहा जीव दुखत असन."

रोज शेवटी तो टोपीवाला गोळी खाऊन पडायचा आणि तंबू नाचायचा. मशीन चालवणाऱ्या रहीमच्या हातूनच पडायचा तो. रहीम मोळीशेजारी खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"दुखते," तो म्हणाला.