उंट बरोबर

सुलाफानं किटलीतलं पाणी मत्तेच्या, त्या कडू चहाच्या, पेल्यात ओतायला घेतलं, पण नजर संगणकाच्या पडद्यावरच खिळलेली. पाणी काठावरून उतू गेलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या भिजल्या. तिनं चिठ्ठ्या उचलल्या नाहीत.

"उंटवाला आला," ती म्हणाली.

गल्ल्यामागच्या खुर्चीत पेंगणारा तिचा नवरा गियास दचकून सरळ झाला. दुपारी सगळं सलमिया गाव झोपतं. औषधांच्या दुकानाचं शटर त्यांनी अर्धं ओढून घेतलं होतं आणि खालून उन्हाची एक पट्टी आत आली होती.

"कोण आला?"

"अरे, उंटवाला! मजलिसीतला. तीन आठवडे पत्ता नव्हता त्याचा. म्हणतो, ताप होता."

"मग चांगलंच की. तोंड का असं केलंस?"

सुलाफानं धातूची नळी ओठाला लावली, चटका बसला तरी तशीच धरून ठेवली. तिला स्वतःलाच अजून सांगता येत नव्हतं.

मजलिस म्हणजे इंटरनेटवरचा एक मंच, रिकामटेकड्यांचा अड्डा म्हणा हवं तर. जुन्या अरबी शब्दकोशातून कुणीतरी एक मेलेला शब्द उकरून काढायचा आणि बाकीच्यांनी त्याचे अर्थ सांगायचे. पण खरे नाही हं! थापा मारायच्या. त्याही साध्यासुध्या नाहीत. खोट्या कवींच्या ओळी काढायच्या, मेलेल्या आज्यांची साक्ष द्यायची, आणि चेहरा असा की जणू काझीसमोर शपथेवर बोलतोय. ज्याची थाप सगळ्यांत ऐटबाज, त्याचा विजय. कोश उघडून खरा अर्थ सांगणाऱ्याची मात्र तिथे अशी काही सालटी काढत की बिचारा महिनाभर तोंड दाखवत नसे. शेवटी खरा अर्थ जाहीर करायचा तो ज्याचा शब्द असेल त्यानं.

तिथे कुणी कुणाचं खरं नाव विचारत नसे. सुलाफा तिथे 'दालचिनी' होती, आणि मजलिसीच्या किल्ल्या तिच्याकडे. दैर अझ-झोरची एक फटकळ बाई 'खारी विहीर' नावानं येई. 'वैतागलेला काझी' बहुधा खवय्यांच्या हलब शहरातला असावा, कारण तो प्रत्येक शब्दाचा अर्थ शेवटी खाण्यावर नेई. आणि उंटवाला. त्याला कोणताही शब्द द्या, दिव्याच्या वातीचा, बाळाच्या जावळाचा. त्याच्या लेखी तो शब्द एका विशिष्ट उंटिणीचाच असे. मग तिचं वय, तिचा हट्ट, तिनं कुणाला लाथ मारली याचं पाल्हाळ, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: ही उंटीण माझ्या मामाची होती. लोक हसून हसून लोळत. उंटाचा खरा शब्द कुणी द्यायचाच नाही असा नियम होता, त्यामुळे उंटवाला कधी बरोबर निघणं शक्यच नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात सगळ्यांनी चेष्टेत शपथ घेतली होती: ज्या दिवशी उंट बरोबर निघेल, त्या दिवशी मजलिस उठली. सगळ्यांनी आपापली नावं पुसायची, एक शब्द न बोलता चालू पडायचं, कुठेतरी नव्या नावांनी नवी बैठक मांडायची, आणि एकमेकांना ओळखायचं ते थापांवरून.

त्या वसंतात मात्र देशभर लोक राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, आणि मजलिसीच्या मागच्या बंद खोलीत थापा मारणं थांबलं होतं. तिथे लोक आपापल्या गावच्या खऱ्या बातम्या टाकू लागले होते: शुक्रवारी चौकात कोण जमलं, गोळी कुठून आली, कुणाच्या पोराला घरातून उचललं. सुलाफा रोज ते वाचायची आणि रोज गियास म्हणायचा, "ती खोली बंद कर बाई, हात जोडतो." तिनं ती केली नव्हती.

आता काझीनं 'तुखरूर' असा शब्द टाकला होता. त्याखाली तीन आठवड्यांनी परतलेल्या उंटवाल्याचं उत्तर होतं: ढगाचा विरळ तुकडा.

"हे बरोबर आहे," सुलाफा म्हणाली.

"बरोबर आहे तर जिंकला."

"तेच तर! गियास, तो माणूस सहा वर्षांत एकदा बरोबर बोललेला नाही."

"तापातून उठलाय. डोकं चालत नसेल."

"डोकं चालत नसेल तर माणूस कोश उघडतो का?"

 गियासनं उठून शटर आणखी वीतभर खाली ओढलं.

संध्याकाळपर्यंत उंटवाल्याचं आणखी एक निवेदन आलं. इतकी वर्षं तोंड न बघता खेळलो, आजारपणात सगळ्यांची फार आठवण आली, आयुष्याचा काय भरवसा. येत्या शुक्रवारी हमा शहरात आसी नदीकाठच्या बागेत भेटू, कॉफी माझ्याकडून. खाली पटापट होकार पडले. लोक कासावीस झाले होते त्या दिवसांत, एखादं माणूस डोळ्यांनी बघावं, हात हातात घ्यावा असं प्रत्येकालाच वाटत होतं. काझीनं लिहिलं, मी हलावेत-अल-जिबनची मिठाई घेऊन येतो, ओळख पटायला तेवढं पुरे. खारी विहीर म्हणाली, मी येते, पण आधी हे सांग मेल्या, उंट कुठाय? तापात विकून खाल्लास की काय?

 सुलाफाला खाऱ्या विहिरीच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. तिनं घाईघाईनं स्वतःचा शब्द टाकला, 'खैतऊर', आणि वाट बघत बसली.

उत्तर लगेच आलं. उंटाचा एक प्रकार.

बस्स. एवढंच.

लोकांनी त्याची रेवडी उडवली. हा काय उंट झाला? उंटाचा प्रकार म्हणे! अरे, वय सांग, लाथ सांग, मामा कुठे गेला तुझा? काझीनं तर असल्या मरतुकड्या उंटाबद्दल त्याला चाळीस फटक्यांची शिक्षा ठोठावली. सगळे हसत होते. सुलाफानं ते सगळं शेवटपर्यंत वाचलं.

"हे त्याला शिकवतायत," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तिथे जो बसलाय त्याला. काय पाहिजे ते सगळं सांगतायत, बावळट कुठले. आता तो जाऊन कोठडीतल्या खऱ्या उंटवाल्याला विचारेल."

गियासला कळायला क्षणभर लागलं. मग तो तिच्याजवळ स्टुलावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "लिही ना मग, की हा तो नाही. येऊ नका म्हणून लिही."

"आणि तो जिथे असेल तिथे त्याचं काय होईल? आज त्याचा काहीतरी उपयोग आहे त्यांना, म्हणून तरी ठेवलाय. मी उघड लिहिलं की तो कशाला लागतो त्यांना?"

"त्याच्या घरच्यांना कळव. कुणी वकील, कुणी ओळखीचं... नाव काय त्याचं?"

"उंटवाला."

"खरं नाव, सुलाफा."

 कितीदा रात्रीचं जेवण करपवलं होतं तिनं त्या माणसाच्या उंटिणींपायी. आई गेली तेव्हा त्यानं तिला बंद पत्रात एक अख्खी उंटीण लिहून पाठवली होती, रडता रडता हसवणारी. आणि तिला त्याचं गाव माहीत नव्हतं, वय माहीत नव्हतं, बायकापोरं आहेत की नाहीत तेही माहीत नव्हतं. कुणाच्या दारात जाऊन काय नाव सांगून विचारणार होती ती?

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर बदललेलं होतं. 'उंटाचा एक प्रकार' पुसून तिथे लांबलचक मजकूर आला होता. सुलाफानं दोन ओळी वाचल्या आणि गियासला हाक मारली. आवाज असा निघाला की तो हातातल्या गोळ्यांच्या पाकिटांसकट धावत आला.

'खैतऊर,' तिथे लिहिलं होतं, 'म्हणजे मध्यमवयीन, सांधेदुखीनं बेजार आणि अतिशय बडबडी उंटीण. हिचा एक पाय दुमडून गुडघ्याशी बांधतात. का, तर हिला बसायची फार हौस, आणि बसू द्यायचं नसतं. विहिरीशी उभी करतात पण पाणी दाखवून पाजत नाहीत, कारण प्यायली की गप्प होते, आणि गप्प उंटिणीचा धन्याला काय फायदा? ही ओरडते तेव्हा दूरदूरचे कळप ओळखीचा आवाज म्हणून येतात. तेवढ्यात धनी झुडपामागे आपली कॉफी गाळत बसतो. जाणती जनावरं मात्र हिचा आवाज ऐकला की तोंड फिरवून वाळवंटाची वाट धरतात. हिला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. ही उंटीण माझ्या मामाची होती.'

गियासनं दोनदा वाचलं. पाकिटं त्यानं काउंटरवर ठेवली, एकावर एक, सरळ रेषेत.

"हा तोच आहे," तो म्हणाला.

"तोच."

"आणि त्यांनी हे जाऊ दिलं?"

"त्यांना उंट हवा होता. मिळाला."

खाली मजलिसीत नुसता धुमाकूळ चालला होता. आला, आला, आमचा उंट आला! खारी विहीर म्हणाली, आता खात्री पटली, शुक्रवारी मी बहिणीलाही आणते. काझीनं फटके माफ केले. एकालाही कळलं नव्हतं, आणि कसं कळणार? उंटावर हसायची सवय लागलेली माणसं ती. उद्यावर शुक्रवार आलेला.

"तू काही करू नकोस," गियास म्हणाला. "इंटरनेटची जोडणी माझ्या नावावर आहे. दुकान आपलं. लेक शाळेत जाते आपली."

"माहीत आहे."

"मंच बंद पडला असं होऊ दे. यंत्र बिघडलं म्हण."

"मग ते बागेत तर जाणारच ना, वेळ ठरलेली आहे. आणि त्यानं काय सांगितलंय ते वाचलंस ना तू? पाय बांधलेल्या माणसानं सांगितलंय, गियास. मी यंत्र बिघडलं म्हणू?"

 गियासनं भिजून वाळलेल्या चिठ्ठ्या बोटांनी सपाट करायला सुरुवात केली. थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघताच म्हणाला, "कर काय करायचं ते. लवकर कर."

शब्द तिचा होता, निकाल तिनंच द्यायचा होता. तिनं आधी मागची खोली उघडली आणि तिथलं सगळं पुसून टाकलं, गावांची नावं, पोरांची नावं, सगळं. ते पुसताना तिला आपण दुसऱ्यांदा त्यांना मारतोय असं वाटलं. मग ती पुढच्या बैठकीत आली, हातरुमालानं तळहात पुसले आणि लिहिलं:

'निकाल. खैतऊर. उंट बरोबर.'

किती तरी वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग काझी आला. दालचिनी, चेष्टा करतेस? सहा वर्षांत कधी...

तिनं पुन्हा लिहिलं. 'उंट बरोबर. शपथ आठवते ना?'

 सुलाफा पडद्यासमोर हात जोडून बसली होती, तिला ते कळलंही नव्हतं. "कळू दे रे," ती पुटपुटत होती, "एकदा कळू दे."

खाऱ्या विहिरीनं काहीच लिहिलं नाही. जी बाई सुप्रभात म्हणायलाही सहा ओळी घ्यायची, तिचं नाव यादीतून मुकाट्यानं नाहीसं झालं. मग काझीचं गेलं. मग एकेक करत बाकीची, जेवणाच्या पंगतीतून माणसं हात धुवायला उठावीत तशी. कुणी निरोप घेतला नाही, कुणी बागेचं नाव काढलं नाही. सुलाफाला हुंदका आला आणि हसूही आलं, आणि गियासनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटी यादीत दोनच नावं उरली. दालचिनी, आणि उंटवाला. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

"तुझंही पूस," गियास म्हणाला. "चल, पूस आता."

तिचा हात कळीवर गेला आणि थांबला. दुसऱ्या नावाखाली अक्षरं उमटली होती.

'कोशात तर मृगजळ म्हटलंय.'

गियासनं श्वास घेतला तो तिला ऐकू आला. बाहेर कुणीतरी शटर वाजवून डोकेदुखीची गोळी मागितली, उत्तर आलं नाही म्हणून पुटपुटत निघून गेलं. पुसायला एक क्षण पुरला असता. पण खरा उंटवाला तिकडे होता, त्या ठिपक्याच्या पलीकडे कुठेतरी, भिंतीला टेकून नाहीतर उभा, आणि खेळ कसा संपला हे त्याला कुणी सांगणार नव्हतं.

'कोश चुकतो कधी कधी,' सुलाफानं लिहिलं. 'उंटवाल्याला सांगा, तो जिंकला.'

ठिपका तसाच राहिला. गियास काहीतरी म्हणत होता, तिचा हात ओढत होता. मग उत्तर आलं, एकाच शब्दाचं.

'सांगतो.'