मागच्या खोलीतला अभ्यास

हिंदी मुलखातल्या माधवगंजात राहणाऱ्या सबनीसांकडे सकाळचा दुसरा चहा आटोपला की सून अपर्णा पुस्तक उघडून बसे, आणि पाच मिनिटांत हाक येई. सासरे गुरुप्रसाद यांचा चष्मा सापडत नसे. सासूबाई विजयाबाईंना भाजी निवडून हवी असे. नवरा अंबरीश पडाव भागातल्या त्याच्या हॉटेलातून फोन करून कुरियर घ्यायला सांगे.

लग्न ठरताना शिकू देऊ असं सगळ्यांनी मनापासून कबूल केलं होतं. अजूनही कुणी नाही म्हणत नव्हतं. एम.ए. घरूनच तर करायचं होतं. मग वेळेची काय अडचण? अपर्णाने तीनदा वेळापत्रक केलं, तिन्ही वेळा मोडलं. आपल्यातच चिकाटी नाही, असं तिला वाटू लागलं.

महिन्यातले चार दिवस मात्र वेगळे असत. एके काळी संस्थानच्या दरबारात पूजाअर्चा सांभाळणाऱ्या या घरात बाजूला बसणं अजून पाळलं जाई. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा पेला. पहिल्या वर्षी अपर्णा तिथे रडली होती. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की या खोलीत तिला कुणी हाक मारत नाही. तिथे तिचं एकेक प्रकरण दिवसभरात वाचून होई. ती त्या दिवसांची वाट पाहू लागली.

परीक्षा जूनमध्ये होती. मे महिन्यात तिचे चार दिवस झाले तरी रक्तस्राव थांबेना. तिला भीतीऐवजी बरंच वाटलं. आठव्या दिवशी विजयाबाईंनी दाराबाहेरून विचारलं, "अजून?" ती हो म्हणाली. असल्या गोष्टींवर घरात याहून जास्त बोलत नसत. त्या खोलीकडे जायचं नाही म्हणून अंबरीशने फोनवर चौकशी केली, तेव्हा वाचन छान चाललंय, असं तिने सांगितलं. अक्षरं डोळ्यांपुढे फिरत होती. उन्हाने होत असेल, असं तिने मनाशी ठरवलं. दोनच प्रकरणं उरली होती.

तेराव्या दिवशी दुपारी बारावीतली नणंद तन्वी ताट उचलायला गेली. ताट जसंच्या तसं होतं आणि अपर्णा चटईवर आडवी पडली होती. तन्वीने धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आईला बोलावलं. विजयाबाई आल्या, पण नुकतं सोवळ्याचं लुगडं नेसल्या होत्या. उंबऱ्याशी क्षणभर त्यांचं पाऊल अडलं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस, किती रक्त जातंय? कुणालाच सांगता येईना. गर्भाशयात गाठ होती, वेळेवर उपचार झाले असते तर बरी होणारी. रक्ताच्या बाटल्या लावल्या, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अपर्णा गेली.

लोक हळहळले, तिच्या नशिबाला बोल लावून घरी गेले. शिकणाऱ्या सुनेला दोन तास निवांत मिळावेत म्हणून अस्पृश्य व्हावं लागतं, हे कुणी बोललं नाही.

महिन्याने तन्वीची पाळी आली. विजयाबाईंनी सवयीने मागच्या खोलीत चटई अंथरली. तन्वी जेवणाच्या टेबलाशी भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली होती, ती उठली नाही.

"मी उधर नाही बसणार, आई."

विजयाबाई म्हणाल्या, देवाचं घर आहे, बाबांना काय वाटेल. गुरुप्रसाद समोरच होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही.

"तेरा दिवस मी वहिनीला पाणी दिलं," तन्वी म्हणाली. "पेला खाली ठेवायचे आणि सरकवायचे. एकदा जरी हातात दिला असता ना, तर हात बर्फासारखा गार झालाय, हे मला कळलं असतं."

तिने पान उलटलं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ती थांबली नाही. विजयाबाईंनी आत जाऊन चटई गुंडाळली आणि त्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या.