दोन्ही हात अडकलेले

धाकटीचे दोन्ही हात अडकलेले होते. उजव्या हातातल्या जाड सुईतून रक्त यंत्रात जात होतं, यंत्र ते गरगर फिरवून त्यातल्या मूळ पेशी वरच्या पिशवीत साठवत होतं आणि उरलेलं रक्त डाव्या हातातून परत तिच्या अंगात सोडत होतं. पेशी वाढाव्यात म्हणून गेले काही दिवस तिने पोटात इंजेक्शनं घेतली होती. कुणी आतून हाडं कुरतडावीत तशी कंबर ठणकत होती; पण तोंडातून हूं की चूं नाही. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत तिचा दादा होता. रक्ताचा कर्करोग. औषधांनी त्याच्या हाडांतली मज्जा पार जाळून टाकली होती. आता या पिशवीवाचून तो जगणार नव्हता.

नवऱ्याला तिने पत्ताच लागू दिला नव्हता. त्याने एकदा तिला मारलं तेव्हा दादाने भर रस्त्यात त्याच्या कानफटात लावली होती. तेव्हापासून दादाचं नाव काढलं तरी घरात भांडी उडायची. आणि आज धाकटी दवाखान्यात यायला निघाली का, हे विचारायला वहिनीने घरी फोन केला, तो नेमका त्यानेच उचलला.

दार धाडकन भिंतीवर आपटलं.

"ऊठ!"

"अहो, थांबा, सुई आहे..."

"त्याच्यासाठी रक्त काढून देतेस? ऊठ म्हणतो ना!"

त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं मागे खेचलं आणि तोंडावर ठोसा हाणला. नाकात काहीतरी कडकन मोडलं. यंत्र सांभाळणारी नर्सताई मध्ये पडली. त्याने तिला असं ढकललं, की तिची भुवई औषधांच्या कपाटावर फुटली. मग धाकटीच्या डाव्या हातातली सुई त्याने हिसकून काढली. रक्ताची पिचकारी त्याच्याच शर्टावर उडाली. यंत्र किंचाळू लागलं. ताईने उठून कसाबसा नळीला चिमटा लावला, तोवर त्याचा हात पिशवीकडे वळला होता.

ते पाहून धाकटीच्या डोळ्यांत रक्त उतरलं. उजवा हात सुईत अडकलेला, डावा रक्ताने माखलेला; पाय मात्र मोकळे होते. तिने दोन्ही पाय त्याच्या पोटात झाडले. तो कळवळत तिच्यावर कोसळला. त्याचा अंगठा तिच्या तोंडाशी आला आणि तिने जिवाच्या आकांताने दात रोवले. हाडाला लागेपर्यंत सोडलं नाही. तो गुरासारखा ओरडू लागला. ताईने स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं, पुन्हा घातलं. पहारेकरी धावत आले तेव्हा तो जमिनीवर लोळत होता.

"वेडी झालीय ही!" पहारेकरी पोलिसांच्या हवाली करायला फरफटत नेत असताना तो बरळला.

"पुन्हा समोर आलास तर नरडं धरीन," धाकटी म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदाच तिने त्याला अरेतुरे केलं होतं.

डॉक्टरीणबाई तिचं नाक चाचपत म्हणाल्या, "पिशवी शाबूत आहे, पण पुरेशी भरलेली नाही. उरलेलं उद्या घेऊ."

"आजच घ्या."

"अहो, तुमचं नाक मोडलंय."

"पेशी काय नाकातून काढता? तो पोलिसांच्या हातून आज सुटला, तर उद्या पुन्हा येईल. हात जागेवर आहेत तोवर घ्या, बाई."

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं, काही वेळ पडून राहायला लावलं आणि मगच मान हलवली. भुवईला पट्टी बांधलेल्या ताईने डाव्या मनगटावर दुसरी शीर शोधली. सुई आत जाताना धाकटी पहिल्यांदा रडली. ताई तिच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. यंत्र पुन्हा घरघरू लागलं.

त्याच संध्याकाळी पेशी दादाच्या अंगात गेल्या. मधले दिवस वाईट होते. ताप, उलट्या, तोंडभर फोड. मग हळूहळू त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. काचेपलीकडून त्याने बहिणीचं वाकडं नाक पाहिलं आणि वहिनीने सगळं सांगितल्यावर तो थरथरत उठून बसला.

"कुठे आहे तो? हाडं मोडतो त्याची!"

"आधी चमचा धरून दाखवा," वहिनी म्हणाली.

धाकटी हसली, आणि नाक दुखलं म्हणून कळवळली. तिने पोलिसांत तक्रार दिली होती. नवऱ्याने निरोप पाठवला होता, की झालं गेलं विसरून तो तिला घरात घ्यायला तयार आहे. तिने उत्तर दिलं नाही. वहिनीच्या घरी मागच्या खोलीत तिची कपड्यांची पिशवी आली होती आणि त्या घराची किल्ली तिच्याकडे होती.